आधी नदी, मग जहाज

हिंडलग्याच्या शिवारालगत मार्कंडेय नदी वाहते. जुलै-ऑगस्टमध्ये तिचे पाणी काठ सोडून भातशेतात पसरते आणि एप्रिल-मेमध्ये तिच्या पात्रातून चालत पलीकडे जाता येते. तिच्याच पाण्यावर राकसकोपचा जलाशय भरतो, बेळगाव शहराची तहान भागते आणि पुढे ती घटप्रभेला मिळते. पण या नदीवर प्रवासी जहाज चालेल, असे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. खानापूरच्या जंगलात उगम पावणारी म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते, तेव्हा कुठे तिच्यात जहाज तरंगते. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी निघणारी तासाभराची बोट, वर गाणी आणि नाच, ही आपल्याकडच्या बहुतेकांची रिव्हर क्रूझशी झालेली पहिली ओळख.

आता मात्र बेळगाव-निपाणी भागातल्या अनेक घरांतली मुले जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला आहेत. आई-वडील उन्हाळ्यात दोन महिने त्यांच्याकडे जातात आणि त्यातला एखादा आठवडा ऱ्हाइन किंवा डॅन्यूब नदीवरच्या तरंगत्या हॉटेलात घालवावा, असा बेत घरात शिजू लागतो. माहितीपत्रके येतात. त्यांत जहाज, खोल्या, जेवणाचे टेबल, काचेची भिंत असे सगळे असते. नदी मात्र मागच्या पडद्यासारखी असते. साहजिकच पहिल्यांदा जाणारा माणूस जहाजापासून सुरुवात करतो. खरा निर्णय नदीचा असतो. कोणती नदी, तिचा कोणता टप्पा आणि कोणता महिना हे ठरले, की खोली, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि बॅगेतले स्वेटरसुद्धा आपोआप ठरत जातात.

वर्षभर पाणी येते कुठून?

दख्खनच्या नद्या पावसावर जगतात. चार महिन्यांत येणारे पाणी खडकाळ पात्रातून वेगाने निघून जाते आणि मग खडक उघडे पडतात. त्यामुळे आपल्याकडे जलवाहतूक वाढली ती समुद्राची भरती जिथपर्यंत आत शिरते त्या खाड्यांमध्ये. ऱ्हाइनचे तसे नाही. ती स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये उगम पावते, कॉन्स्टन्स सरोवरातून जाते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. हिवाळ्यात डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, म्हणून वरच्या अंगाला जून-जुलैमध्ये पाणी भरपूर असते. खाली नेकार, माइन आणि मोझेल या उपनद्या येऊन मिळतात. त्यांना पावसाचे पाणी हिवाळ्यातही मिळते. एकाची ओंजळ रिकामी होते तेव्हा दुसऱ्याची भरलेली असते, म्हणून नदी वर्षातला बहुतेक काळ जहाज उचलून धरते.

जिथे हे निसर्गतः पुरत नाही, तिथे माणसाने पायऱ्या बांधल्या. बंधारा घालून पाणी अडवायचे आणि बाजूला दरवाजे असलेला काँक्रीटचा हौद करायचा, म्हणजे लॉक. जहाज हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी चढवले किंवा उतरवले जाते आणि जहाज पुढच्या पातळीवर निघून जाते. स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बाझेलपासून इफेट्सहाइमपर्यंत ऱ्हाइनवर अशी लॉकची साखळी आहे. इफेट्सहाइमनंतर थेट समुद्रापर्यंत एकही लॉक नाही; तिथून नदी मोकळी वाहते. ही एक बाब लक्षात ठेवली तर पुढचे बरेच काही समजते.

जहाजांचा आकारही या लॉकने ठरवला आहे. लॉकची रुंदी साधारण १२ मीटर, म्हणून जहाज ११.४ मीटर रुंद. लांबी मात्र १३५ मीटरपर्यंत. त्यात दीडशे ते १९० प्रवासी मावतात. समुद्रावरच्या क्रूझमध्ये हजारो माणसे असतात, जलतरण तलाव आणि नाट्यगृहे असतात. इथे तसे काही नाही. लॉकमधून जाताना दोन्ही बाजूंना हाताने भिंत लागेल इतकीच फट उरते. काही पूल इतके बुटके असतात, की चालकाची केबिन खाली दबते, वरच्या डेकचे कठडे आडवे करतात आणि प्रवाशांना तेवढा वेळ वर येऊ देत नाहीत. लाटा नसल्यामुळे बोट लागण्याचा त्रास जवळजवळ नसतो. बसच्या प्रवासातही गोळी घ्यावी लागणाऱ्यांना ही बातमी दिलासा देईल.

काउबचा आकडा

ऱ्हाइनचा सर्वांत देखणा भाग म्हणजे ऱ्यूडेसहाइम-बिंगेनपासून कोब्लेंट्झपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरचा मध्य ऱ्हाइन. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, उतारावर द्राक्षांचे मळे आणि माथ्यावर किल्ले. २००२ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथे इतके किल्ले का, याचे उत्तर जकात हे आहे. मध्ययुगात ही नदी व्यापाराचा राजरस्ता होती आणि अरुंद घळीतून जाणाऱ्या नावा अडवून कर घेणे सोपे होते. काउब गावासमोर नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन हा तर निव्वळ जकात नाकाच होता. थोडे पुढे लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा येतो. तिथे नदी वळते आणि अरुंद होते.

हाच देखणा भाग जहाजांसाठी सर्वांत अवघड आहे. तळाशी खडक, वर लॉक नाही, त्यामुळे जेवढे पाणी वरून येईल तेवढेच. काउबला नदीची पातळी मोजण्याचे केंद्र आहे आणि मालवाहू बार्जवाल्यांपासून क्रूझ कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे डोळे तिथल्या आकड्यावर लागलेले असतात. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. काउबला आकडा सुमारे ७८ सेंटिमीटर असतो तेव्हा जहाजाच्या मार्गात सुमारे १.९० मीटर पाणी असते. म्हणजे आकड्यात साधारण १.१२ मीटर मिळवले की खरी खोली कळते. हॉटेलसारखी मोठी जहाजे पाण्यात दीड ते पावणेदोन मीटर बुडालेली असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला; म्हणजे मार्गात १.४० मीटरही पाणी नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्येही तो तीस-बत्तीसच्या आसपास घुटमळत होता.

उलट टोकही आहे. पाणी फार वाढले तर पुलाखालून जहाज जात नाही आणि ठरावीक खुणेच्या वर पातळी गेली की वाहतूक थांबवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य युरोपात अतिवृष्टी झाली, डॅन्यूबला पूर आला आणि अनेक सफरी अडकल्या.

अशा वेळी कंपनी सफर रद्द करतेच असे नाही. बहुधा जहाज जिथे थांबले तिथून बसने पुढच्या शहरांना नेतात किंवा अडचणीच्या टप्प्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या जहाजावर सामानासह हलवतात. करारपत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. असा बदल झाल्यास परतावा मिळणार का आणि आपला प्रवासविमा त्याचा खर्च भरणार का, हे दोन्ही पैसे भरण्याआधी वाचावे.

कोणता टप्पा, कोणत्या वेळी

माहितीपत्रकात आठ शहरांची नावे असतात. पण नदीचे सौंदर्य शहरांच्या मधल्या अंतरात असते आणि ते अंतर बऱ्याचदा रात्री कापले जाते. दिवसा शहर दाखवायचे आणि रात्री जहाज चालवायचे, हे कंपनीच्या सोयीचे गणित आहे. म्हणून वेळापत्रक हातात आल्यावर जहाज कधी थांबते यापेक्षा कधी चालते ते पाहावे. मध्य ऱ्हाइनचा टप्पा पार करायला चार-पाच तास लागतात आणि चांगल्या सफरीत ते तास सकाळ ते दुपारच्या दरम्यान येतात. वर बसायचे असेल तर नदीकाठचे किलोमीटरचे मोठे फलक कामाला येतात. कॉन्स्टन्सच्या पुलाला शून्य धरून ते मोजलेले आहेत. काउब ५४६ च्या आसपास, लोरेलाय ५५४, कोब्लेंट्झचा संगम ५९२. नकाशा हातात असला तर पुढचा किल्ला कोणता येणार, हे ध्वनिक्षेपकावरच्या घोषणेआधीच सांगता येते.

डॅन्यूबचा असाच टप्पा म्हणजे ऑस्ट्रियातला मेल्क ते क्रेम्स हा ३६ किलोमीटरचा वाखाउ. तोही २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. मेल्कचा पिवळा-पांढरा मठ, जर्दाळूच्या बागा आणि ड्यूर्नश्टाइनचा किल्ला याच टप्प्यात येतात. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या अखेरीस पकडला गेला, तो याच किल्ल्यात कैदेत होता. डॅन्यूब सुमारे २,८५० किलोमीटर लांब असून दहा देशांना स्पर्श करते. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठी आहेत. तिचाही एक नाजूक भाग आहे: जर्मनीतल्या श्ट्राउबिंग आणि फिल्सहोफेनमधले सुमारे ७० किलोमीटर, जिथे नदी बंधाऱ्यांविना वाहते. पाणी कमी झाले की पहिली बातमी तिथून येते. त्यामुळे फिल्सहोफेनच्या खालच्या पासाउपासून सुरू होणारी सफर या कोंडीच्या बाहेर राहते.

१९९२ साली पूर्ण झालेल्या १७१ किलोमीटरच्या कालव्याने माइन आणि डॅन्यूब जोडल्या. त्यामुळे ॲम्स्टरडॅमहून बुडापेस्टपर्यंत जहाजाने जाता येते; वाटेत जहाज समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढते आणि पलीकडे उतरते. स्थापत्याची आवड असणाऱ्याला ही पंधरवड्याची सफर मेजवानी वाटेल. पण पहिल्या खेपेला तिच्यात लॉक फार आणि अवघड टप्पे दोन्ही नद्यांचे येतात, हे ध्यानात घ्यावे.

पाण्याची खात्री हवी असेल तर बंधाऱ्यांनी बांधलेल्या नद्या बऱ्या. मोझेलवर १९६४ साली जलमार्ग खुला झाला. फ्रान्सपासून जर्मनीपर्यंत २८ लॉक आहेत, त्यामुळे उन्हाळ्यातही पातळी टिकते. पोर्तुगालच्या डौरो नदीवर धरणांच्या पाच पायऱ्या आहेत. त्यातल्या करापातेलोच्या लॉकमध्ये जहाज तब्बल ३५ मीटर उचलले जाते. डौरोवर रात्री जहाजे चालवायला परवानगी नाही. त्यामुळे नदी जेवढी दिसते तेवढी दिवसाच दिसते.

महिना

या सफरींचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये फुले, स्वच्छ हवा आणि पुरेसे पाणी. ॲम्स्टरडॅमजवळची क्यूकेनहोफची ट्यूलिपची बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. नातवंडांच्या मे महिन्याच्या सुट्टीशीही हे जुळते. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणानंतरही काठ पाहता येतो. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत द्राक्षांची काढणी पाहायला मिळते, पण पाणी कमी असण्याचा धोका याच काळात जास्त. दिवाळीच्या सुट्टीत जायचे म्हटले तर दिवस लहान, सकाळी धुके आणि बरीच झाडे निष्पर्ण. नोव्हेंबरच्या अखेरपासून नाताळबाजारांच्या सफरी निघतात. त्या शहरांसाठी घ्याव्यात, नदीसाठी नव्हे.

पाऊस कोणत्याही महिन्यात येतो आणि डेकवर वारा बोचतो. बेळगावच्या जुलैची सवय असलेल्याला फार जड जाणार नाही. एक रेनकोट आणि एकावर एक घालता येतील असे दोन पातळ गरम कपडे पुरतात.

खोली निवडताना

सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त. त्यांची खिडकी लहान, न उघडणारी आणि पाण्याच्या जेमतेम वर असते. मधल्या आणि वरच्या मजल्यांवर 'फ्रेंच बाल्कनी' असते. नाव बाल्कनी असले तरी तिथे खुर्ची मावत नाही. सरकते काचेचे दार आणि त्यापुढे कठडा, इतकेच. बसायला जागा असलेली पूर्ण बाल्कनी सर्वांत महाग.

महाग खोली घेण्याआधी बंदरातली परिस्थिती माहीत हवी. धक्क्यांवर जागा कमी, म्हणून दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून उभी करतात. शेजारचे जहाज आले की बाल्कनीतून किल्ल्याऐवजी समोरच्या खोलीचा पडदा दिसतो. शहरात उतरायचे तर शेजारच्या जहाजाच्या स्वागतकक्षातून जावे लागते. खोलीत आपण झोपायलाच असतो. देखावा पाहण्याची खरी जागा वरचा डेक आहे आणि तो सगळ्यांना सारखाच खुला. इंजिन मागच्या बाजूला असते, त्यामुळे झोप हलकी असणाऱ्यांनी अगदी मागची खोली टाळावी.

गुडघे दुखणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: लिफ्ट आपल्या मजल्यापर्यंत जाते का, आणि वरच्या डेकवर जाते का. अनेक जहाजांवर ती सर्वांत खालच्या मजल्यावर आणि डेकवर पोचत नाही. जुन्या गावांचे रस्ते दगडी गोट्यांचे असतात. कंपन्या सावकाश चालणाऱ्यांसाठी वेगळा गट काढतात. त्यात नाव घालायला संकोच करू नये.

व्हिसाही नदीच ठरवते

भारतीय पासपोर्टवर युरोपच्या या भागात जायला शेंगेन व्हिसा लागतो. सध्या २९ देश या व्यवस्थेत आहेत आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचे उत्तर मुक्कामाच्या दिवसांत आहे: जिथे सर्वाधिक दिवस, त्या देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा प्रवेश, त्या देशाकडे. म्हणून जहाज कोणत्या रात्री कोणत्या देशात आहे, याची तारीखवार यादी कंपनीकडून घ्यावी. मुलाकडे जर्मनीत दीड महिना राहून त्यातला एक आठवडा नदीवर घालवणार असाल तर प्रश्नच नाही, अर्ज जर्मनीकडे. मुलगा तिथल्या कार्यालयातून खर्चाचे औपचारिक हमीपत्र काढून पाठवू शकतो.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. मेमध्ये जायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्यावी, कारण सुट्टीच्या तोंडावर व्हिसा केंद्रांत तारखा मिळत नाहीत. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र संगणकात नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमान बदलायला भरपूर वेळ ठेवावा.

बुडापेस्टच्या खाली डॅन्यूबवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. हंगेरी आणि क्रोएशिया शेंगेनमध्ये आहेत, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले आहेत. पण मधला सर्बिया बाहेर आहे. बेलग्रेडला जहाज लागले म्हणजे आपण शेंगेनबाहेर पडलो आणि पुढे रोमानियात शिरताना पुन्हा आत आलो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर इथे अडकायला होते. अर्ज करतानाच एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि सर्बियाचे नियम वेगळे तपासावेत.

पैसे, पान आणि पिशवी

सफरीच्या भाड्यात खोली आणि जेवण असते. काठावरच्या सहली, पेये आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी कधी धरलेली असते, कधी नसते. दोन कंपन्यांचे भाव ताडून पाहायचे तर या तिन्ही गोष्टी मिळवूनच पाहावे. एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या खोलीसाठी जादा भार पडतो. परदेश सफरीच्या पॅकेजवर भारतात जो कर गोळा होतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. पावती जपून ठेवावी. ऱ्हाइनच्या सफरीत बाझेलला स्विस फ्रँक चालतो, बाकी सगळीकडे युरो. बुडापेस्टला फोरिंट.

शाकाहारी जेवण मिळते, पण बुकिंग करतानाच लेखी कळवावे. नुसते 'शाकाहारी' लिहिले तर ताटात अंडे येऊ शकते. चालते की नाही ते स्पष्ट लिहावे. रात्रीचे जेवण सातच्या सुमारास आणि चवीला सौम्य असते, म्हणून मेतकूट, चटणी, चिवडा बरोबर असू द्यावा. बेळगावचा कुंदा मात्र मुलाला कितीही आवडत असला तरी घरीच ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि कुंदा म्हणजे आटवलेले दूधच. पेढ्यालाही तोच नियम.

जहाज कुणासाठी थांबत नाही. बेळगावहून मुंबई किंवा बंगळूरु आणि तिथून पुढे, अशा प्रवासात एक विमान चुकले तरी सगळे कोलमडते. म्हणून जहाजाच्या शहरात आदल्या दिवशी पोचावे. सफर एका शहरात सुरू होऊन दुसऱ्यात संपते, तेव्हा परतीचे तिकीट त्या दुसऱ्या शहराचे हवे.

पहिल्या खेपेला काय घ्यावे?

नदीवरचा आठवडा आपल्याला मानवेल की नाही, अशी शंका असेल तर आधी एक दिवस घ्यावा. केडी ही १८२६ पासूनची कंपनी हंगामात मध्य ऱ्हाइनवर दिवसाच्या बोटी चालवते. सांक्ट गोआर ते बाखाराख एवढा तुकडा बोटीने जाऊन परत काठावरच्या रेल्वेने यावे. लोरेलाय आणि काउबचा किल्ला दोन्ही त्यात येतात, खर्च थोडा आणि वेगळा व्हिसा नको. आपल्याकडच्या युरोप सहलींतही बोपार्ड ते सांक्ट गोआर ही छोटी फेरी बहुधा असतेच.

ते आवडले तर बाझेल ते ॲम्स्टरडॅम ही सात रात्रींची सफर मे-जूनमध्ये घ्यावी किंवा पासाउहून बुडापेस्टपर्यंतची. पहिलीत किल्ले आणि द्राक्षमळे, दुसरीत राजधान्या आणि मठ. मुले फ्रँकफर्ट-कोलोनच्या बाजूला असतील तर पहिली सोयीची, म्युनिक-व्हिएन्नाकडे असतील तर दुसरी.

हा ओघ उलट्या दिशेनेही वाहतो. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' दिब्रुगडकडे निघाले, तेव्हा त्यावर स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. बांगलादेशमार्गे सुमारे ३,२०० किलोमीटर आणि ५१ दिवसांची ती सफर. जहाज ६२ मीटर लांब, पण पाण्यात बुडणारा भाग फक्त १.४ मीटर, कारण गंगा गाळाची आणि हिवाळ्यात उथळ. ऱ्हाइनच्या देशातून आलेल्या त्या पाहुण्यांनाही पहिल्यांदा नदीचाच स्वभाव समजून घ्यावा लागला असेल.

तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारावेत. मुख्य देखावा असलेला टप्पा दिवसा किती वाजता पार होतो? पाणी कमी किंवा जास्त झाले तर नेमके काय करता आणि किती पैसे परत मिळतात? प्रत्येक रात्री जहाज कोणत्या देशात असते? या तिन्हींची सरळ उत्तरे देणारी कंपनी नदी ओळखते. जी फक्त खोलीचे फोटो पुन्हा पाठवते, तिचे जहाज कितीही झळाळते असो, दुसरी कंपनी पाहावी.